ओळंबा

मध्यमवर्गीय घरात मुलांना दिवसातून सर्वांत जास्त वेळा कोणती आज्ञा ऐकावी लागते, याची कुणी मोजदाद केली तर "अभ्यासाला बस" हिचा नंबर दुसरा लागेल. पहिला नंबर "ताठ बस" हिचा! जेवताना ताठ बस, लिहिताना ताठ बस, पाहुणे आले की ताठ बस. ही आज्ञा आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलांकडे घरातल्या पितळी डब्यांसारखी चालत आलेली आहे, आणि ती तंतोतंत पाळणारा मनुष्य माझ्या तरी पाहण्यात नाही. आज्ञा देणारे वडील त्या वेळी बहुधा पाठीची कमान करून, वर्तमानपत्र पोटावर ठेवून खुर्चीत पसरलेले असतात. मुलांच्या हे लक्षात येत नाही असे नाही. पण लक्षात आलेली प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायची नसते, हेही त्यांना त्याच वयात कळलेले असते.

मुलींची तऱ्हा आणखी निराळी. सकाळी "पोक काढून बसू नकोस" म्हणून पाठीत धपाटा, आणि संध्याकाळी रस्त्यावर "एवढं छाती काढून काय चालायचं ते!" म्हणून वटारलेले डोळे. या दोहोंच्या मधला बिनचूक कोन कोणता, हे कोणत्याही आईने कोणत्याही मुलीला आजवर सांगितलेले नाही.

मी मराठी शिकवते. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाकडे आधी शब्दांच्या दारातून शिरायचे ही आमची खोड. आपल्या भाषेने माणसाची सारी नीती त्याच्या पाठीवर लादून ठेवली आहे! कणा नसलेला माणूस म्हणजे अगदीच कुचकामी. मान ताठ असावी, कंबर कसलेली असावी, संकटात पाठ दाखवू नये, मित्राच्या पाठीशी उभे राहावे. मोडेन पण वाकणार नाही, असे म्हणणाऱ्याचे आपण कौतुक करतो. पण तोच माणूस वडीलधाऱ्यांपुढे वाकला नाही तर त्याला उद्धट ठरवतो. 'ताठ' हा सद्गुण आणि 'ताठा' हा दुर्गुण. अंतर अवघ्या एका कान्याचे. अशी भाषा लहानपणापासून कानांवर पडली, की म्हातारपणी पाठ वाकलेल्या माणसाला उगीचच वाटू लागते, की आपण कुठेतरी कमी पडलो. माझ्या सासूबाईंना तसे वाटत होते, हे पुढे त्यांच्याच तोंडून बाहेर पडले.

पण कण्याचा खरा अर्थ मला कोशात सापडला नाही. गेल्या वर्षभरात आमच्या घरात दोन एक्स-रे आले, त्यांनी तो शिकवला. एक माझ्या मुलीच्या मानेचा आणि दुसरा सासूबाईंच्या पाठीचा.

पहिल्याने घरात हलकल्लोळ उडवला. कन्या एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षेच्या दिवसांत मान अवघडली, म्हणून कुणीतरी फोटो काढायला सांगितला. त्याबरोबर आलेल्या कागदावर इंग्रजीत एक वाक्य होते. त्याचा मराठी अर्थ असा, की मानेची नैसर्गिक कमान नाहीशी झाली आहे. 'नाहीशी झाली आहे' ही शब्दरचना पाहा! जणू ती काल घरात होती आणि आज पोलिसांत वर्दी द्यायला हवी. आमच्या घरच्या गृहस्थांना तर आरोपी तत्काळ सापडला. "मोबाईल!" हे गरजले, "मी सांगत नव्हतो?" कन्येने रडून घेतले. शेजारच्या वहिनींनी मानेचा पट्टा आणून दिला. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "मान तर हलते आहे की तिची."

आम्ही ज्या अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्या पस्तिशीच्या आतबाहेरच्या असतील. त्यांनी आधी फोटो पाहिलाच नाही, मुलीला पाहिले. मान चारी बाजूंनी वळवून घेतली, हातांतला जोर पाहिला आणि मग त्या हसल्या. "रस्त्यावरून चाललेली, काही तक्रार नसलेली शंभर तरुण माणसं आणून त्यांच्या मानेचे फोटो काढले, तर कितीतरी जणांची मान हिच्यासारखीच सरळ निघेल," त्या म्हणाल्या. "तरुण वयात, विशेषतः मुलींत, हे नेहमी दिसतं. मानेची कमान वयाबरोबर वाढत जाते. आजींचा फोटो काढला तर भरपूर सापडेल."

पट्टा शेजारी परत गेला. चार दिवसांत मान सुटली.

परंतु आम्ही उठण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा प्लास्टिकचा कणा उचलून माझ्या हातात दिला, आणि तो हातात घेताच 'ताठ बस' या आज्ञेतली गंमत माझ्या लक्षात आली. समोरून पाहिला तर तो खरोखर सरळ होता. बाजूला वळवला तर त्यात सरळ असे काही नव्हतेच! मानेपाशी पुढे, छातीमागे मागे, कमरेशी पुन्हा पुढे आणि बुडाशी पुन्हा मागे, अशी ती चार वळणांची वाट. मानेचे ७ मणके, बरगड्यांचे १२, कमरेचे ५. त्याखाली एकमेकांत मिसळून गेलेले आणखी ५ आणि माकडहाडाचे साधारण ४. सगळे मिळून ३३. हा खांब सरळसोट असता तर चालताना टाचेला बसणारा प्रत्येक धक्का थेट डोक्यात गेला असता. वळणे आहेत म्हणून तो वाटेत जिरतो.

ही वळणे सगळीच काही जन्मतः नसतात. पोटातले मूल गुडघ्यात डोके घालून असते, आणि जन्माला येते तेव्हाही त्याची पाठ धनुष्यासारखी एकाच बाजूला वाकलेली असते. मग तिसऱ्या महिन्यात आजी सांगते, "बाळ मान धरू लागलं." सातव्या-आठव्यात, "बसू लागलं." वर्षाचे होता होता, "उभं राहिलं." आपण या गोष्टी पत्रांतून कळवत आलो, त्यांवर पेढे वाटले. त्या प्रत्येक बातमीमागे कण्यात एक वळण रुजत असते. मान धरताना मानेचे, बसता-चालताना कमरेचे. म्हणजे माणूस पायांवर उभा राहतो तो सरळ होऊन नव्हे, योग्य जागी वाकून!

आता 'योग्य जागी' म्हणजे किती? येथे मात्र शास्त्रज्ञांचीही बराच काळ आपल्या वडिलांसारखी समजूत होती, की एक मोजमाप ठरले म्हणजे झाले. न्यूयॉर्कच्या जॉन कॉब नावाच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये एक्स-रेवर रेघा ओढून कण्याच्या बाकाचा कोन मोजण्याची रीत मांडली. ती आजही सगळीकडे चालते. या रीतीने मोजले तर तरुण, निरोगी माणसाच्या छातीमागचा बाक २० अंशांपासून ४० अंशांपर्यंत कुठेही भरतो. एकाचा दुसऱ्याच्या दुप्पट, आणि दोघेही ठणठणीत! कमरेच्या बाकाची तऱ्हा याहून मोकळीढाकळी.

याचे कारण बरेचसे खाली, बैठकीत दडलेले आहे. कमरेच्या हाडांचा जो कटोरा असतो, ज्याला श्रोणी म्हणतात, त्याच्यावर कणा उभा राहतो. हा कटोरा प्रत्येकाचा निराळ्या घडणीचा. फ्रान्समधल्या जिनेत द्युवाल-बोपेर या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती घडण एका कोनात पकडली. १९९८ मध्ये ती मोजण्याची रीत प्रसिद्ध झाली. हा कोन ३५ अंशांच्या आसपास असू शकतो तसा ८५ अंशांच्या आसपासही. आणि एकदा हाडांची वाढ पुरी झाली की तो जवळजवळ जन्माचा कायम. ज्याचा कोन मोठा, त्याची कंबर खोल. ज्याचा लहान, त्याची पाठ सपाट. पुढे २००५ मध्ये लिआँच्या पिएर रूसुली यांनी काही तक्रार नसलेल्या १६० माणसांच्या कण्यांचे फोटो तपासून त्यांचे चार प्रकार केले. चारही प्रकार निरोगी माणसांचेच, हे विशेष.

हे मी घरी सांगितले तेव्हा आमच्या घरच्या गृहस्थांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांच्या घराण्यात सगळ्यांच्या पाठी फळीसारख्या सपाट. लग्नातल्या सामुदायिक फोटोत त्यांची बाजू आणि माझ्या माहेरची बाजू अंधारातही ओळखता येईल. "आमच्याकडे कुणी वाकत नाही" हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. ते करारीपणाचे लक्षण नसून कटोऱ्याचा कोन लहान असल्याचे लक्षण आहे, हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस विषय टाळला.

बायकांची गोष्ट मात्र खरीच थोडी वेगळी आहे. त्या कोनात स्त्री आणि पुरुष असा फारसा भेद सापडत नाही. पण कमरेचे मणके घडवताना निसर्गाने दोन माप-पट्ट्या वापरलेल्या दिसतात. कॅथरिन व्हिटकम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक फार सुंदर निरीक्षण प्रसिद्ध केले. कमरेचा बाक साधण्यासाठी काही मणके पाचरीसारखे, मागून आखूड असतात. पुरुषांत असे दोन मणके असतात, बायकांत तीन. का? तर गर्भारपणात पोटाचे ओझे पुढे वाढत जाते, आणि तोल सांभाळायला बाई कमरेतून मागे रेलते. दिवस भरत येतात तेव्हा तिच्या कमरेचा बाक ६० टक्क्यांपर्यंत वाढलेला असतो. तो ताण दोन मणक्यांवर न पडता तिघांत वाटला जावा, अशी ती योजना. वीस लाख वर्षांहून जुन्या, आफ्रिकेत सापडलेल्या मानवपूर्वजांच्या सांगाड्यांतही ही खूण दिसते, असे त्यांचे म्हणणे. डोहाळजेवणाच्या फोटोत आपण सगळ्या जणी कमरेवर हात ठेवून मागे रेललेल्या असतो. ते नुसते मिरवणे नव्हे. त्यामागे एवढा जुना हिशेब आहे! पुरुषांना पुढे पोट सुटते तेव्हा त्यांच्यासाठी असा तिसरा मणका कुणी ठेवलेला नाही. त्यांनी ते आपल्या जबाबदारीवर सांभाळावे.

येथवरचे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे होते. दुसऱ्या फोटोची गोष्ट तशी नाही.

तिची सुरुवात डॉक्टरांकडे झाली नाही, शिंप्याकडे झाली. आमच्या पेठेतले शिंपीमामा गेली पंचवीस वर्षे सासूबाईंची पोलकी शिवतात. माप घेण्याची गरजच नसते. वहीतले पान उघडायचे आणि कापायचे. श्रावणात मी दोन पोलक्यांचे कापड टाकायला गेले, तेव्हा ते टेप हातात खेळवीत म्हणाले, "ताई, आजींना एकदा घेऊन या. मागच्या वेळची पोलकी पाठीत वर चढत होती, पुढे झोळ येत होता. पाठ वाढवावी लागणार आणि पुढची उंची कमी करावी लागणार."

मी घरी येऊन पाहिले. सासूबाईंचे पातळ मागून घोट्याच्या वर गेले होते आणि पुढून निऱ्या जमिनीवर लोळत होत्या. त्या चालताना डाव्या हाताने निऱ्या उचलून धरत होत्या. पूर्वी त्या तसे करत नसत.

"आई, पाठ दुखते का हो तुमची?" मी विचारले.

"आता नाही. मे महिन्यात दुखली होती, ताईकडे होते तेव्हा. लोणच्याची बरणी खालून उचलली आणि पाठीत कट्कन काहीतरी झालं. तीन आठवडे पडून होते. तिथल्या डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या. म्हणाले, आजी, वय झालं, आता हे असं चालायचंच." आणि मग जरा थांबून, माझ्याकडे न पाहता, "ताठ राहायचा फार प्रयत्न करते गं. पण जमत नाही. लोक म्हणत असतील, बाई खचली."

त्यांचे वय ७६. चौतीस वर्षे त्या प्राथमिक शाळेत फळ्यासमोर उभ्या होत्या. माझ्या ओळखीच्या माणसांत मला 'कणा' हा शब्द कुणाला लावावासा वाटत असेल, तर त्यांना.

डॉक्टरीणबाईंनी या खेपेस पहिला प्रश्न विचारला, "आजी, तरुणपणी तुमची उंची किती होती?"

"आमच्या वेळी मुलीची उंची कोण मोजतंय?" सासूबाई म्हणाल्या. "नवऱ्याच्या खांद्याला लागते का, एवढं बघायचे."

घरी येऊन आम्ही ट्रंक उपसली. तळाशी, लग्नाच्या शालूखाली, १९७१ साली शिक्षिकेची नोकरी लागताना घेतलेला वैद्यकीय दाखला सापडला. त्यावर शाईने लिहिलेले: पाच फूट दोन इंच. म्हणजे साडेसत्तावन्न वर एकशे, सेंटिमीटरच्या हिशेबात १५७. दवाखान्यात भरलेली उंची १५० होती. सात सेंटिमीटर बाई कुठे गेल्या होत्या?

थोडीफार उंची प्रत्येकाचीच जाते. मणक्यांमधल्या चकत्या तरुणपणी पाण्याने टचटचीत भरलेल्या असतात. दिवसभर उभे राहिले की त्या दबतात, रात्री आडवे झाले की पुन्हा फुगतात. म्हणून सकाळी उठताना आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो! वाढत्या वयात त्यांतले पाणी कमी होत जाते, चकत्या चपट्या होतात आणि कणा हळूहळू पुढे झुकतो. चाळिशीनंतर हे सर्वांतच दिसू लागते; बायकांत ते अधिक वेगाने होते. पंचावन्न ते साठ वयाच्या बायकांत छातीमागच्या बाकाची सरासरी ४३ अंशांच्या आसपास भरते, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांत ५२. म्हणजे तरुणपणी जो बाक पाहून डॉक्टर भुवया उंचावतील, तो आजीच्या वयाला साजेसा असू शकतो. पोक आलेल्या निम्म्याहून अधिक म्हाताऱ्यांचे मणके शाबूत असतात.

पण तरुणपणाच्या उंचीतून ४ सेंटिमीटरांहून अधिक गेले असतील, तर मात्र 'वय झाले' म्हणून भागत नाही. तेथे फोटो काढायचा, असा नियम आहे.

आपल्या ओळखीचा छातीपुरता फोटो तो नव्हे. सासूबाईंना भिंतीशी बाजूने उभे करून मानेपासून मांड्यांपर्यंतचा लांबलचक फोटो घेतला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मानेच्या सातव्या मणक्यापासून (आपण हात फिरवला की मानेच्या मुळाशी जो उंचवटा लागतो तो) एक उभी रेघ खाली सोडली.

"अगं, हा तर ओळंबा!" सासूबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. आमचे मामंजी बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होते. "आमचे हे भिंतीला ओळंबा लावून गवंड्यांना रडवायचे."

"ओळंबाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तरुण माणसाचा हा ओळंबा माकडहाडाच्या वरचं जे त्रिकोणी हाड आहे, त्याच्या मागच्या कोपऱ्याशी येऊन पडतो. वय वाढतं तसा तो पुढे सरकतो."

"घर जुनं झालं की भिंत थोडी कलायचीच."

"कलायचीच. आणि माणूस त्याला तोंडही देतो. मान वर उचलतो, कंबर मागे घेतो, गुडघ्यात थोडा वाकतो, कारण नजर समोर राहायला हवी." मग त्यांनी पेन्सिलीचे टोक पडद्यावर एका जागी टेकवले. "पण आजी, इथे भिंत कललेली नाही. इथे वीट फुटली आहे."

बरगड्यांचा शेवटचा, बारावा मणका पुढून चेपून पाचरीसारखा झाला होता. त्याच्या वरचा एक पूर्वीच कधीतरी थोडा दबलेला. मेमधले ते 'कट्कन' म्हणजे हाड मोडल्याचा आवाज होता! पाय मोडला असता तर गाव गोळा झाले असते. मणका मोडला, आणि त्याला मलम मिळाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की मणक्यांच्या अशा मोडण्यांपैकी दोन-तृतीयांश कधी ओळखलीच जात नाहीत; रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडे झपाट्याने विरळ होतात आणि बरणी उचलणे, खोकणे, रिक्षाचा गचका एवढेही पुरते. आणि ज्या बाईचा एक मणका नुकताच मोडला आहे, अशा पाच जणींतल्या एकीचा वर्षाच्या आत दुसरा मोडतो.

हा शेवटचा आकडा ऐकला आणि मी मनात महिने मोजले. मे ते सप्टेंबर. उपचाराविना चार महिने गेले होते.

सासूबाईंनी मात्र दुसराच प्रश्न विचारला. "औषधानं पाठ सरळ होईल का गं?"

"नाही होणार, आजी. आणखी वाकू नये, एवढंच बघायचं. आणि तुम्हांला तिशीतल्या मुलीसारखं उभं करायचा आमचा विचारही नाही."

हे त्यांनी केवळ समजूत घालायला म्हटले नव्हते. कण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन पूर्वी सगळ्यांसाठी एकच माप धरत, की ओळंबा ५ सेंटिमीटरांच्या आत आणायचा. २०१६ मध्ये रेनो लाफाज व त्यांच्या सहकाऱ्यांनी वयाप्रमाणे हिशेब मांडून दाखवला. पस्तिशीच्या आतल्या माणसाला हा ओळंबा ४ मिलिमीटर पुढे असला म्हणजे ठीक. पंचाहत्तरीपुढच्या माणसाला जवळजवळ ८ सेंटिमीटर पुढे असला तरी ठीक! म्हाताऱ्या पाठीला जबरदस्तीने तरुण मापात बसवले, तर तिच्यावर नवीच संकटे ओढवतात. पॅरिसच्या जाँ द्युबुसे यांनी हीच गोष्ट एका चित्राने सांगितली आहे. आपण उभे असतो तेव्हा पायांशी टोक असलेल्या एका अदृश्य शंकूच्या आत डुलत असतो. त्या शंकूत आहोत तोवर उभे राहायला फारसे श्रम पडत नाहीत. तेथे अमुक एका रेषेवर उभे राहायलाच पाहिजे, असा काही दंडक नाही.

सासूबाईंना शंकूपेक्षा भागवत जवळचे. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "कुब्जेची गोष्ट आठवली. तीन ठिकाणी वाकडी होती बिचारी. कृष्णानं तिच्या पायांवर आपले पाय दाबून ठेवले, हनुवटीखाली दोन बोटं घातली आणि उचललं वर. झाली सरळ! पण तिला कुणी विचारलं होतं का गं, उंची किती होती म्हणून?" मी एवढी वर्षे वर्गात संतवाङ्मय शिकवते आहे, दशमस्कंधाला हा प्रश्न कुणी विचारलेला मला माहीत नाही.

औषध चालू झाले. आठवड्यातून एक गोळी, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. आणि ती घेतल्यावर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. सासूबाईंनी तिला सोमवार नेमून दिला आणि तिचे व्रत करून टाकले. तो अर्धा तास त्या देवघरासमोर पाटाऐवजी खुर्चीवर बसतात. दूध, नाचणीची भाकरी, ड जीवनसत्त्व, रोज गच्चीवर चालणे. कमरेतून वाकून काहीही उचलायचे नाही. बरण्या आता ओट्यावर, हाताच्या उंचीला आल्या आहेत. पातळाच्या निऱ्या पुढून चार बोटे वर खोचायला मी शिकवले, कारण पायात निरी अडकून पडणे हे या हाडांना सर्वांत मोठे भय. शिंपीमामांनी वहीतले जुने पान न फाडता शेजारच्या पानावर नवे माप लिहून घेतले. आणि "ताठ राहा" असे म्हणायला घरात सर्वांना बंदी आहे. आमच्या घरच्या गृहस्थांना ती अवघड जाते.

मी स्वतः सत्तेचाळीस वर्षांची. सासूबाईंच्या तिसऱ्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वळून विचारले, "मॅडम, तुमची उंची?" मी सांगू लागले, तर त्या म्हणाल्या, "आठवणीतली नको. मोजलेली." मोजून घेतली: १५९. ती त्यांनी एका कार्डावर लिहून दिली, आणि ते कार्ड मी जपून ठेवले आहे.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर कन्येच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, अडीच वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतच्या. यंदा दिवाळीपूर्वी रंगकाम काढले. रंगारी पत्रा घासत त्या चौकटीशी आला, तेव्हा सासूबाई आपल्या खुर्चीतून सावकाश उठल्या आणि चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. डोके काही चौकटीला टेकेना. मधे चांगले चार बोटांचे अंतर. "असू दे," त्या नातीला म्हणाल्या, "वरून पट्टी धर आणि खूण कर. आणि तारीख घाल. पुढच्या दिवाळीला ती तिथंच दिसली पाहिजे."

नातीने पट्टी धरून रेघ ओढली. ती तिच्या स्वतःच्या बाराव्या वर्षाच्या खुणेच्या किंचित खाली आली. रंगारी हातात ब्रश घेऊन थांबला होता. त्याने विचारले, "आजी, ही बाजू सोडायची का?"

"सोड," सासूबाई म्हणाल्या. "दुसरी रंगव."